बंद पडलेल्या मासिकातली मुलगी

लग्न होऊन मी पोलादपूरला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत एकच पुस्तक होतं, आणि तेही लोणची-मुरंब्यांचं. माहेर महाडचं. वडील तिथल्या कोर्टात कारकून. मुलींच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकले होते आणि हाताला लागेल ते वाचायची खोड होती. वाण्याकडून पुडीला आलेला कागदसुद्धा चुलीत घालण्याआधी मी दोन्ही बाजूंनी वाचत असे. सासरी वाचायला काय मिळेल, याची मला लग्नाआधी खरोखर धास्ती होती. नवरा कसा असेल याच्यापेक्षाही जास्त, असं आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

नवरा चांगला निघाला, पण तो मुंबईत. एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम, आणि राहायला गिरगावात चारचौघांत मिळून एक खोली. तिथं बायकोला कुठं नेणार? तेव्हा मी पोलादपूरला सासू-सासऱ्यांजवळ. घर लहानसं, बाजारापासून जरा वर. ओटीवर बसलं की समोर डोंगर, आणि डोंगराच्या खाली झाडांत लपलेली सावित्री. ती दिसत नसे, नुसती ऐकू येई. नवीन होते तेव्हा पहाटे जाग आली की वाटायचं, शेजारच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात काही वाचतंय. मग लक्षात यायचं, नदी आहे.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, मराठी शाळेचे हेडमास्तर होते. माझं लग्न व्हायच्या आधीच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवस आणि रात्र कळे, दारात माणूस उभं राहिलं तर काळोखाचा पुंजका दिसे, तेवढंच. जन्मभर वाचलेला माणूस. त्यांची पुस्तकं फडताळात होती, बहुतेक जुन्या पंडितांच्या काव्याची. दुपारी ते त्यांतलं एखादं काढून मांडीवर घेत आणि नुसते पानांवरून हात फिरवत बसत. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. मला होती, पण मी सून. त्या काळी सुनेनं सासऱ्यांसमोर उभंदेखील राहायचं नाही, तिथं वाचायचं कुठलं! मामंजी माझ्याशी बोलत नसत. काही सांगायचं झालं तर सासूबाईंकडे तोंड करून म्हणायचे, “तिला म्हणावं, पाणी जरा कोमट दे.” मी तिथंच दाराआड असे. सासूबाई निरोप द्यायच्या आधीच मी पाणी घेऊन येई.

एकदा गावातला एक गिरणीकामगार सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर यांनी एक गठ्ठा पाठवला. टपालापेक्षा येणाऱ्याजाणाऱ्या माणसावर यांचा भरवसा जास्त. गठ्ठ्यात एक लुगडं होतं, सासूबाईंसाठी गुडघ्याला लावायचं तेल होतं, आणि तळाशी एका मासिकाचे तीन अंक. यांच्याच छापखान्यात ते छापलं जाई. मी अंक पदराखाली घेतले ते थेट स्वयंपाकघरात नेले.

त्या दिवशीचा भात करपला.

पहिल्या अंकात एक मोठी कविता सुरू झाली होती. दर महिन्याला तिचा एक भाग. कवीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. गोष्ट अशी की, एका मुलीची आई तिला लहानपणी एका तळ्याबद्दल सांगत असते. त्या तळ्यात म्हणे आपण पाहिलं की आपला चेहरा दिसत नाही, आपल्याला जे माणूस आठवत असेल त्याचा दिसतो. आई जाते. मग मुलगी मोठी होऊन ते तळं शोधायला एकटीच निघते. बस, एवढंच. पण ते सांगितलं होतं अशा शब्दांत की मी आजवर वाचलेल्या कवितेपेक्षा ते काहीतरी निराळंच होतं. शाळेत आम्ही कविता पाठ करायचो त्या उपदेशाच्या, नाहीतर देवाच्या. इथं देव नव्हता, उपदेश नव्हता. एक मुलगी रानातून चालली होती आणि पायाखालच्या पानांचा आवाज तिला आईच्या बांगड्यांसारखा वाटत होता.

मी ओठ हलवत वाचत होते. भाताचा वास सासूबाईंच्या नाकाला गेला आणि त्या आत आल्या. पातेलं उतरवलं, माझ्या हातातला अंक पाहिला आणि ओटीवर गेल्या. मी मनाशी म्हटलं, संपलं. बाहेर दोघांची कुजबूज झाली. मग मामंजींचा आवाज आला, जरा चढा, मला ऐकू यावा एवढा.

“तिला म्हणावं, मोठ्यानं वाच.”

तेव्हापासून आमच्या घरी दुपारचं वाचन सुरू झालं. मामंजी ओटीवर भिंतीला टेकून. मी आत, माजघराच्या उंबऱ्याशी, त्यांच्याकडे पाठ करून. मध्ये सासूबाई, सुपात तांदूळ घेऊन. मी आधी मासिकातले लेख वाचले. हवापाण्याचा, शेतीचा, परदेशातल्या कुठल्याशा पुलाचा. ते त्यांनी मुकाट ऐकले. मग कवितेची पाळी आली. तिच्यात पुढं एक तरुण गुराखी होता आणि त्याच्याबद्दल मुलीच्या मनात जे येत होतं ते सगळं कवीनं लिहिलं होतं. सासऱ्यांच्या कानावर ते घालायचं म्हणजे! त्या ओळींना माझा आवाज इतका खाली गेला की सासूबाईंनी सूप हलवायचं थांबवलं.

वाचून झाल्यावर मामंजी भिंतीचा टेकू सोडून सरळ बसले. मग म्हणाले, ही कविता नाही, ताप आहे. तापात माणूस असंच बरळतं. यांना धड वृत्त सांभाळता येत नाही आणि निघाले तळी शोधायला. मला इतकं वाईट वाटलं की रात्री जेवण गेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आवडीचं जुनं काव्य काढून बसले, तर पहिला श्लोक संपायच्या आत ते सासूबाईंना म्हणाले, “ते राहू दे म्हणावं. ती पोरगी रानातून बाहेर पडली का, ते आधी बघ.”

महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मुंबईहून यायचं आणि अंक यायचे. बोट बाणकोटला लागली, तिथून पडाव, म्हणजे शिडाची मोठी होडी, महाडला आला, की महाडहून बैलगाडीनं नाहीतर माणसाच्या डोक्यावरून पोलादपूर. त्या वाटेवर कुठं पाऊस लागला तर पानं एकमेकांना चिकटलेली असत आणि मी ती चुलीपाशी धरून हळूहळू सोडवत असे. एकेक ओळ ओली होऊन वर यायची.

मला त्या दिवसांत काय झालं होतं ते नीट सांगता येत नाही. मी भात कांडत असे, पण कांडणाऱ्या हाताला मुसळ नाही, ओळ वर-खाली होतेय असं वाटे. पाण्याला गेले की नदीच्या काठी उभी राहून घडा भरायचं विसरे. समोरच्या डोंगरावर सकाळी धुकं उतरायचं आणि त्यात झाडं एकेक करून नाहीशी व्हायची. आधी वरची, मग खालची, मग आमच्या कुंपणाचा एरंड. तेव्हा मला वाटायचं की ती मुलगी आता आमच्याच गावावरून चालली आहे आणि धुकं निवळलं की तिची पावलं दिसतील. शेजारची एक कुणबीण माझ्याबरोबर पाण्याला असे. ती मला म्हणायची, “गो, तुजा जीव थाऱ्यावर हाय ना?” मी हसायचे. जीव थाऱ्यावर नव्हता आणि मला तो असायला नको होता.

पाऊस बसला, बंदरं बंद झाली, घाटात दरड आली. अंक येत नव्हता आणि तो येणार नाही हे आम्हाला माहीतच होतं. शेवटचा भाग एका नदीशी येऊन थांबला होता. मुलगी काठाशी उभी आहे, पैलतीर दिसत नाही, ती नावाड्याला हाक मारते. आणि पलीकडून हाक येते. नावाड्याची नाही. कुणीतरी तिचंच नाव घेऊन तिला बोलावतं. तिथं भाग संपला होता.

ते दीड-दोन महिने आमच्या घरात ती मुलगी काठावर उभी होती. मामंजी जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, “हाक आईची असेल, असं तिला वाटतं का?” हा प्रश्न सासूबाईंना असायचा. सासूबाई म्हणायच्या, मला काय ठाऊक, मी कुठं ऐकते. पण एकदा तांदूळ धुताना त्यांनी मला हळूच विचारलं, की पाऊस उघडेपर्यंत त्या पोरीनं खायचं काय?

नागपंचमीच्या सुमाराला यांचा निरोप आला. पोस्टानं कार्ड होतं. सगळ्यांची खुशाली, आणि शेवटी एक ओळ की मासिक बंद पडलं. वर्गणीदार पुरेसे नव्हते. जुळवलेले खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, सोडून छापखान्यानं दुसऱ्या कामाला लावले.

मी ते वाचलं आणि पुढं वाचायला काही नव्हतं. मामंजींनी विचारलं, त्या कवितेचं काय? कार्डात त्याबद्दल काही नाही, असं मी सासूबाईंना सांगितलं. मामंजी उठले, काठी घेतली आणि पावसात कुंपणापर्यंत जाऊन परत आले. एवढं अस्वस्थ झालेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. ज्या कवितेला ते ताप म्हणाले होते तिच्यासाठी!

त्यानंतर माझ्या डोक्यात त्या ओळी यायला लागल्या. मी कविता करायची ठरवली नव्हती. चुलीपुढं बसलं असताना एक ओळ आली. मला वाटलं, वाचलेलीच असेल, आठवतेय. अंक काढून पाहिले. नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला जोडून दुसरी आली. अशा चार झाल्या. मी त्या कुठं लिहिल्या नाहीत. लिहिल्या तर जातील असं वाटे. मनात म्हणत राहिले. भांडी घासताना, वाती वळताना. शेवटी राहवेना तेव्हा सासूबाईंना सांगितलं, की पुढचं थोडं मी रचलं आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सांगावं की मला दिवस गेले आहेत. आणि लगेच ओटीवर गेल्या.

“तिला म्हणावं, ऐकव,” मामंजी म्हणाले.

मी उंबऱ्याशी बसले. समोर भिंतीला सासूबाईंनी हळदकुंकवाची बोटं ओढली होती, त्यांच्याकडे बघत म्हटलं:

पैलतिराहुनि कोण साद दे,
नाव असे ते माझे, आई?
धुक्यात भिजली हाक तुझी ग,
नदीस रात्री झोपच नाही.

पन्हळीतून पाणी पडत होतं. मला वाटलं, त्यांना कळलंच नसेल. मग मामंजी बोलले, आणि सासूबाईंकडे तोंड न करता बोलले.

“सूनबाई, तिसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते. ‘ग’ नव्हे. ‘गे’ म्हण.”

माझ्या सासऱ्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. उत्तर सासूबाईंनी दिलं. आईला कोणी ‘गे’ म्हणतं का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही तुमच्या आईला कधी म्हणालात? मामंजी म्हणाले, काव्यात म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, मग ती काव्यातल्या आईला हाक मारतेय की स्वतःच्या?

मामंजी हसले. त्यांना मोठ्यानं हसताना मी त्या दिवशी प्रथम ऐकलं. म्हणाले, बरं, मग ‘ग’ जरा लांबव. आणि मी तो लांबवला. लांबवल्यावर तो खरंच हाकेसारखा झाला.

मग तो सगळा पावसाळा आम्ही तिघं त्या कवितेत होतो. मी ओळी करायच्या, मामंजींनी मात्रा मोजायच्या. ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत आणि कुठं अडलं की अंगठा थांबे. आता ते सरळ माझ्याशी बोलत, मी अजूनही पाठ करूनच बसे. भांडण होतं ते शेवटाचं. मामंजींचं म्हणणं, मुलीनं पाण्यात उतरावं आणि पलीकडे जावं. एवढं रान तुडवून आलेली पोर काठावरून परत फिरली तर काव्याला अर्थ काय? मला वाटायचं, तिनं पलीकडे जाऊच नये, हाक ऐकत उभं राहावं. सासूबाईंना दोन्ही पसंत नव्हतं. त्यांना नावाडी यायला हवा होता.

त्यांनी त्याचं कारण एका दुपारी सांगितलं. त्यांचं माहेर शिवथरच्या खोऱ्यातलं. लग्न झालं तेव्हा त्या इतक्या लहान होत्या की वऱ्हाडी बाप्यांपैकी कुणीतरी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. ओढ्याला पाणी होतं. आई ओढ्याच्या अलीकडे थांबली, कारण बायकांनी तिथवरच यायचं असतं. खांद्यावरून त्या मागं बघत राहिल्या. पुढच्या वर्षी माहेरी न्यायला कुणी येईल, म्हणून त्या वाट बघत होत्या, तर आई गेल्याचाच निरोप आला. हे त्यांनी तांदळातले खडे वेचता वेचता सांगितलं, आवाज न बदलता. मग म्हणाल्या, “कुणीतरी न्यायला येऊ दे ग तिला. तुझ्या हातात आहे तर येऊ दे.”

मला पुढं एक ओळ सुचेना. इतके दिवस ती मुलगी माझी होती, आता ती सासूबाईंची झाली. नावाडी आणायचा म्हटलं तरी तो कवितेत येत नव्हता. आणला तर खोटा दिसे, होडी लाकडाची न वाटता कागदाची वाटे. दसरा झाला, तरी ती काठावरच.

पहाटेचा गारवा सुटल्यावर सासूबाईंचे गुडघे फारच धरले. कुणीतरी सांगितलं, सवच्या उन्हाळ्यांत, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांत, आंघोळी करा. मामंजींना शेजाऱ्यांवर सोपवून आम्ही दोघी महाडला माझ्या माहेरी गेलो, आणि तिथून सकाळी लवकर होडीत बसलो. भरती लागली होती. सावित्री तिथं रुंद आहे, पोलादपूरच्यासारखी खळखळत नाही, नुसती सरकते. होडीत आमच्याशिवाय सवकडच्या दोन बायका भाजी विकून परत चालल्या होत्या. धक्का सोडला आणि थोड्याच वेळात धुक्यानं आम्हाला गिळलं. महाडची घरं गेली, धक्का गेला. पुढं काही दिसत नव्हतं. पाणीसुद्धा होडीच्या कडेपासून हातभर अंतरावर संपलेलं. वल्ही पडत होती तो आवाज तेवढा होता, आणि तोही कुठून येतोय कळत नव्हतं. आपण हलतोय की नाही, हे कशावरून ठरवायचं? मला झोप आल्यासारखं झालं, पण डोळे टक्क उघडे होते.

नावाड्यानं वल्हं थांबवलं आणि लांब हाक दिली, “ओऽऽ.” समोरून दुसरी होडी येत असेल तर कळावं म्हणून. पलीकडून कुणीतरी तशीच हाक दिली. ती होडीतून आली की काठावरून, की आमचीच परत आली, कुणास ठाऊक. नावाडी पुन्हा वल्हवू लागला. भाजीवाल्या बायकांपैकी एक म्हणाली, “भिऊ नको गो, काठ कुटं जात नाय.” सासूबाईंनी माझा हात धरला होता. भीतीनं नाही. त्या समोर धुक्यात बघत होत्या आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता, लहान मुलीसारखा.

“ती पोरगी इथंच कुठंतरी असेल,” त्या हळू म्हणाल्या.

मी म्हटलं, “होडीत बसली असेल ना आता?”

त्या म्हणाल्या, “बसली.”

उन्हाळ्यांवर पोचलो तेव्हा ऊन पडत होतं. कुंडातून वाफ वर येत होती, गंधकाचा वास होता, बायका पाय सोडून बसल्या होत्या. सासूबाई गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरल्या आणि डोळे मिटून बसल्या. मी कडेच्या दगडावर. वाफेत त्या मधूनच दिसत, मधूनच नाहीशा होत. तिथं मला शेवट आला. एकदम, चारही ओळी, जसं कुणी ओंजळीत घालावं.

काठ न मागे, काठ न पुढती,
होडी नाही, पाणी नाही;
हाकच नुसती वल्हवते ग,
कुणास आता घाई नाही.

सासूबाईंना तिथंच म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, होडी नाही म्हणजे काय, बुडाली? मी म्हटलं, नाही हो, धुकं आहे म्हणून दिसत नाही. त्यांनी डोळे न उघडताच विचार केला आणि मान हलवली. वल्हं चाललंय म्हणजे नावाडी आला, एवढं त्यांना पुरेसं होतं. घरी आल्यावर मामंजींनी पेरं मोजली. मुलगी निघाली, काठावर राहिली नाही, म्हणून तेही तृप्त. ती अजून पोचलेली नाही, हे माझं मला ठाऊक.

दिवाळीला हे आले. मामंजींनीच त्यांना सांगितलं की सुनेनं कविता पुरी केली आहे. यांना मी अख्खी म्हणून दाखवली, अंगणात, तुळशीपाशी. ऐकून ते मान खाली घालून तुळशीच्या कट्ट्यावर बसले. छापखान्यातला माणूस, चूक शोधायची सवय. मी विचारलं, कुठं चुकलं? ते म्हणाले, चुकलं नाही, पण मला तुला एक सांगायचं आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही सगळ्यांनी ओटीवर बसून पुन्हा ऐकलं.

तो कवी एकदा दुसऱ्या कसल्याशा कामासाठी छापखान्यात आला होता. यांनी धीर करून त्याला विचारलं, की आमच्या घरी सगळे वाट बघताहेत, त्या मुलीचं पुढं काय झालं? कवी कपाळाला हात लावून म्हणाला होता, ते मलाच ठाऊक नव्हतं. पैलतीरावर कोण आहे हे मला सुचेना आणि महिना तर संपत आला होता. मासिक बंद पडलं म्हणून सुटलो.

मला हसावं की रडावं कळेना. आम्ही सगळा पावसाळा ज्या माणसाच्या मनात काय असेल म्हणून झुरलो, त्याच्या मनात काहीच नव्हतं! पण मामंजींना त्याचा राग आला नाही. ते शांतपणे म्हणाले, “मग आपलाच शेवट खरा.” सासूबाई उठून फराळाचं आणायला गेल्या.

त्या हिवाळ्यात हे मामंजींना घाटावरच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. आधी मोतीबिंदू पिकू द्यायला हवा, असं डॉक्टर म्हणत असत. आता पिकला होता. एकाच डोळ्याचं झालं, पण चांगलं झालं. परत आले तेव्हा डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. गाडीतून उतरून ओटीवर आले, सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, म्हातारी झालीस. सासूबाई म्हणाल्या, तुम्हीही. मी दाराआड होते. त्यांनी मला बोलावलं.

त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी पदर सारखा करून पुढं झाले, नमस्कार केला. ते मान जरा तिरकी करून पाहत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं नाक बसकं, उंची बेताची.

“तू एवढीशीच आहेस होय?” ते म्हणाले. “मला वाटायचं, चांगली उंच असशील. आवाज उंच होता.”

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः वाचू लागले. मला वाटलं होतं, आता दुपारी मला हाक यायची नाही, आणि आली नाहीच. काही दिवस फार रिकामे गेले. तांदूळ निवडताना मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघायचो. ओटीवर पानं उलटल्याचा आवाज यायचा. मग एकदा ते आत डोकावून म्हणाले, इथं एका जागी अर्थ लागत नाही, ऐक. आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं. मला वाटतं, अर्थ त्यांना लागला होता. पण त्यानंतर मध्ये मध्ये कुठं तरी असा अर्थ अडायचा, आणि आम्ही दोघी हातातलं ठेवून ऐकायचो.

पुढच्या वर्षी यांना परळला एक खोली मिळाली आणि हे मला मुंबईला न्यायला आले. महाडच्या धक्क्यावर सासू-सासरे दोघं पोचवायला आले होते. बैलगाडीच्या धक्क्यांनी सासूबाईंचे गुडघे पुन्हा धरले होते, तरी त्या उभ्याच राहिल्या. मामंजींनी वाटेत वाचायला म्हणून बाजारातून एक पुस्तक घेऊन दिलं, नव्या कवीचं, अजून पानं न कापलेलं. म्हणाले, यालाही ताप आहे असं दिसतं. वाचून कळव.

ओहोटी लागली तसा पडाव सुटला. नदीच्या दोन्ही बाजूंना दुपारचं ऊन होतं, खारफुटीत बगळे होते, कुठं धुकं नव्हतं. मी यांच्याकडून चाकू मागून घेतला आणि एकेक पान कापायला सुरुवात केली. पहिलीच कविता पावसाच्या दिवसांत घरी राहिलेल्या एका बाईची होती. दोन कडवी वाचली आणि पुढचं वाचवेना, कारण त्याच्याही आधी माझ्याच मनात काहीतरी हलू लागलं होतं. मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि पाण्याकडे बघत बसले. यांनी विचारलं, झोप येतेय का? मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढं काही न विचारता सामान जरा बाजूला सरकवून मला टेकायला जागा करून दिली.